ड्रोनचं चित्रीकरण प्रवासात कसं सांभाळता? (माझं गेलं, म्हणून विचारतोय)

रहाटगाडगं

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी लिहितोय, तेही रडगाणं घेऊन.

डिसेंबरात बाबांना घेऊन अकरा दिवस किनाऱ्याकिनाऱ्याने फिरलो. अलिबाग ते वेंगुर्ला, गाडीने. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड या चारही फेरीबोटी पकडल्या. बाबा ७४ वर्षांचे. हेदवीजवळच्या एका वाडीत जन्मले, अकराव्या वर्षी मुंबईला आले. त्यानंतर वाडीत दोनदाच गेलेत, दोन्ही वेळा कुणाच्या तरी बाराव्याला.

ड्रोन घेतला तोच मुळी त्यांच्यासाठी. गुडघ्यांमुळे त्यांना पाखाडी उतरून खाली आगरात जाणं जमत नाही. म्हणून वरच्या रस्त्यावर गाडी लावली, तिथूनच ड्रोन सोडला आणि बाबा शेजारी उभे राहून फोनच्या स्क्रीनवर तळहाताची सावली धरून बघत होते. पडकं घर, विहीर, गडगे, सगळं दिसलं. वीस-बावीस मिनिटं उडवला.

आता माझी अक्कल ऐका. ड्रोन अडीचशे ग्रॅमच्या आतला, ४के चित्रीकरण सेकंदाला १०० मेगाबिटने. मेमरी कार्ड एकच, ६४ जीबीचं, म्हणजे जेमतेम ऐंशी मिनिटं. लॅपटॉप नेला नव्हता. रोज संध्याकाळी मुक्कामावर फोनमधलं ड्रोनचं ॲप उघडून दिवसभराचं बघायचो. ड्रोन बॅगेत बंद आहे आणि तरी व्हिडिओ चालतोय, म्हणजे तो फोनमध्ये उतरला, असा माझा सरळ हिशेब. गणपतीपुळ्याला कार्ड भरलं. मी निर्धास्तपणे फॉरमॅट मारलं आणि पुढचे पाच दिवस त्याच कार्डावर शूट केलं.

घरी येऊन फोनमधलं टीव्हीवर लावलं तेव्हा कळलं. झावळ्यांच्या जागी हिरवे चौकोन. ड्रोन माडांमागे गेला तिथे चित्र गोठलेलं, मग एकदम उडी मारून पुढे. बाबा म्हणाले, "चांगलंच दिसतंय की." ते बरं वाटावं म्हणून म्हणाले हे मला कळतं.

दोन प्रश्न. कार्डावरून जुनं काही परत मिळेल का? आणि लॅपटॉप न नेता तुम्ही लोक रोजचं चित्रीकरण कुठे आणि कसं ठेवता?

शंकासूर

अरेरे. वाचून पोटात गोळा आला.

पण आधी एक शंका (नावाला जागतो). ड्रोन उडवायला परवानगी लागते ना? उद्या कुणी हा धागा वाचून सिंधुदुर्गावर ड्रोन सोडेल.

रहाटगाडगं

रास्त शंका. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो' वर्गात येतो, त्याला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. पण लाल (बंदीच्या) क्षेत्रात तोही परवानगीशिवाय चालत नाही, त्यामुळे डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाचा नकाशा बघूनच उडवायचो. पुरातत्त्व खात्याच्या किल्ल्यांच्या वाटेला गेलो नाही, ड्रोन गाडीतच ठेवला. जाता जाता, याच ड्रोनला मोठी बॅटरी लावली की वजन २५० च्या वर जातं आणि वर्ग बदलतो. विकणारा हे सांगत नाही.

लग्नफोटोवाला

दादा, सांगलीकडं माझा लग्नाचाच धंदा आहे. वर्षाला पन्नासेक ऑर्डरी, त्यात ड्रोन असतोच. तुमची चूक आमच्याकडं नवीन आलेला प्रत्येक पोरगा एकदा करतोच. मी पण केलीया. एका वरातीची.

झालं काय ते सांगतो. ड्रोन हवेत असताना जे चित्र रेडिओवरून फोनकडं येतं, तेवढंच ॲप फोनमध्ये साठवून ठेवतं. बघायला सोपं जावं म्हणून. त्याला कॅश म्हणायचं. ते ७२०पी, फार तर १०८०पी असतं, म्हणजे ४के पेक्षा बरंच कमी बारकाव्याचं. सिग्नल जिथं मार खातो तिथं ते चित्रही मार खातं. खरा माल कार्डावर. ॲपात डाउनलोडचं बटण वेगळं असतंय, ते दाबून ड्रोन चालू ठेवून वाय-फायवरून घेतलं तरच अस्सल फाइल फोनमध्ये येते. ओळखायची खूण म्हणजे साइज. एका मिनिटाची फाइल ७०० एमबीच्या आसपास असली तर अस्सल. पन्नास-साठ एमबी दिसली की समजायचं, ही नुसती सावली.

कार्डाचं: फॉरमॅट मारलं की माल लगेच पुसला जात नाही, नुसती अनुक्रमणिका जाते. तिथंच थांबला असता तर बहुतेक सगळं मिळालं असतं. नंतर पाच दिवस त्यावर लिहिलंय, तिथं अवघड. किती जीबी भरलं होतं नंतर?

रहाटगाडगं

५२ जीबी.

लग्नफोटोवाला

मग फार आशा धरू नका. कार्डावर लिहिणं साधारण सुरुवातीपासून पुढं जातं. शेवटचे पाच-सात जीबी जुने शिल्लक असतील, म्हणजे फॉरमॅटच्या आधी सगळ्यात शेवटी जे घेतलं असेल ते. फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते चालवून बघा. दोन गोष्टी पाळा. त्या कार्डावर आता एक अक्षरही लिहू नका, आणि मिळालेला माल त्याच कार्डावर उतरवू नका, दुसऱ्या डिस्कवर घ्या.

आमची पद्धत साधी. प्रत्येक कार्डाला नंबर, तो पांढऱ्या नेलपॉलिशनं घातलेला. डबीत कोरं कार्ड नंबर वर करून, भरलेलं पालथं. पालथं कार्ड कुणीही, मालकानंसुद्धा, ड्रोनमध्ये घालायचं नाही. दोन डिस्कवर कॉपी झाली, दोन्हीकडं फाइली उघडून शेवटापर्यंत ओढून बघितल्या, मगच ते सुलटं. फॉरमॅट कायम ड्रोनमध्येच, कॉम्प्युटरवर नाही. आणि कट-पेस्ट आमच्याकडं शिवी आहे. मध्येच लाईट गेली की ना इथलं ना तिथलं.

निवांत_पाटील

लग्नफोटोवाला यांच्याशी सहमत, पण एका गोष्टीवर माझं वेगळं मत. अकरा दिवसांच्या सहलीला सरळ २५६ जीबीचं एक कार्ड घ्यावं, विषय संपला. रहाटगाडगं यांना फॉरमॅट मारायची वेळच आली नसती. नखाएवढी ती सहा-सहा कार्डं सांभाळायची, वाळूत बसून बदलायची, म्हणजे हरवायची सोय. माझं एक कार्ड आंजर्ल्याच्या पुळणीत आहे, अजूनही असेल.

लग्नफोटोवाला

पाटील, पुळणीत गेलं ते एका दिवसाचं. २५६ वालं गेलं असतं तर? आणि कार्ड हरवण्यापेक्षा ड्रोन हरवतो जास्त. खाडीत पडला की कार्डासकट पडतो.

निवांत_पाटील

हा मुद्दा मी धरला नव्हता. ड्रोन पाण्यात गेला तर आतलं सगळंच गेलं. मान्य. तरी वाळूत कार्ड बदलू नये, गाडीत बसून बदलावं, एवढं माझं राहू द्या.

कार्डवाली

मी एकटी फिरते, बहुतेक एसटी आणि रेल्वेने, त्यामुळे पाठीवर लॅपटॉप नको असतो. मी काय करते ते सविस्तर लिहिते, कारण या बाबतीत अर्धवट सल्ल्यांनीच जास्त नुकसान होतं.

माझ्याकडे यूएसबी-सीचा छोटा हब आहे. त्यात मायक्रोएसडीची खाच, दोन यूएसबीच्या जागा आणि चार्जर लावायची एक जागा. हब फोनला, कार्ड हबमध्ये, एसएसडी (फिरती तबकडी नसलेली छोटी डिस्क) हबमध्ये, चार्जर हबला. मग फोनच्या फाइल्स ॲपमधून कार्डावरचा अख्खा फोल्डर एसएसडीवर कॉपी. अँड्रॉइडवर चालतं. आयफोन १५ पासून पुढच्यांवरही चालतं, त्यांना यूएसबी-सी आहे. चार्जरची जागा महत्त्वाची: फोनने एकट्याने एसएसडी आणि कार्ड दोन्ही पोसायचे म्हटलं तर मध्येच डिस्क गायब होते. जुनी फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क तर बऱ्याच फोनांवर चालूच होत नाही, नुसती टिकटिक करते.

वेळ किती? खूप फोनांना खाच सी-टाइप असली तरी आतून यूएसबी २ च असतं. मग सेकंदाला तीसेक एमबी धरा. ३० जीबीला सतरा-अठरा मिनिटं. जेवायला जाण्याआधी लावायचं, ताटावरून उठेपर्यंत झालेलं असतं. फक्त स्क्रीन बंद झाली की काही फोन कॉपी थांबवतात, काही ओटीजीच (फोनला बाहेरची डिस्क जोडायची सोय) बंद करतात. माझा फोन करतो. म्हणून त्या वेळात स्क्रीन सतत चालू राहील असं सेटिंग करते.

एसएसडी घरून निघतानाच एक्सफॅटमध्ये (डिस्कवर फाइली मांडायची एक पद्धत) फॉरमॅट केलेली हवी, एनटीएफएस ही विंडोजची पद्धत सगळ्या फोनांना वाचता येत नाही. पण एक्सफॅट नाजूक असतं. लिहिणं चालू असताना किंवा 'इजेक्ट' न करता वायर ओढली तर एखादी फाइल नाही, अख्ख्या डिस्कची यादी बिघडू शकते. पालीच्या एका लॉजवर माझी वायर उंदराने नाही, मांजराने ओढली. हसू नका. दोन दिवसांचं गेलं.

तेव्हापासून एसएसडीवर घेतलं तरी कार्ड पुसत नाही. कार्ड ही पहिली प्रत, एसएसडी ही दुसरी. कार्ड माझ्या गळ्यातल्या पाकिटात, एसएसडी सॅकमध्ये. सॅक गाडीच्या टपावर गेली तरी मी निवांत.

शंकासूर

मांजराबद्दल सहानुभूती. पण ताई, एवढं करण्यापेक्षा रात्री क्लाउडवर चढवून का नाही टाकत? फोटो तर आपोआप जातात.

कार्डवाली

हिशेब करून बघा. दिवसाचे ४० जीबी. गावातल्या ४जी वर अपलोडला सेकंदाला ५ मेगाबिट मिळाले तर चांगला दिवस. ४० जीबीला जवळपास अठरा तास लागतील, तोपर्यंत दुसऱ्या दिवसाचे ४० जीबी दारात उभे. शिवाय गूगलची फुकट जागा १५ जीबी, त्यातही मेल आलेच. मी क्लाउडवर फक्त दिवसातले दोन-तीन जिवाचे तुकडे टाकते, अर्ध्या-एक मिनिटाचे. सगळं गेलं तरी तेवढं तरी राहील.

बर्गेनवासी

इकडे नॉर्वेत कॅम्पसाइटचं वाय-फाय बरं असतं, तरीही रोजचं सगळं चढवणं मला कधी जमलं नाही. तेव्हा क्लाउडबद्दल कार्डवाली यांना अनुमोदन.

माझा किस्सा वेगळा. इथल्या लोफोटेन बेटांवरून परतताना माझ्याकडे रीतसर दोन प्रती होत्या: कार्डं आणि एसएसडी. दोन्ही एकाच कॅमेरा-बॅगेत, कारण 'महत्त्वाचं सगळं एका जागी' अशी आईची शिकवण. एका शहरात गाडीची काच फोडून बॅगच नेली. पोलिसांनी फॉर्म भरून घेतला, फार सज्जनपणे. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ चा नियम (तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक प्रत दुसऱ्या ठिकाणी) मला तोंडपाठ होता. त्यातल्या शेवटच्या १ चा अर्थ त्या दिवशी कळला. आता एसएसडी जॅकेटच्या आतल्या खिशात, झोपतानाही. बायको म्हणते, माझ्यापेक्षा तिला जवळ ठेवतोस. हलकंच घ्या.

काजूगर

'दुसऱ्या ठिकाणी' वरून आठवलं. आमचा उपाय जुनाट आहे पण सांगते.

आम्ही दोघं मोटरसायकलवर कर्नाटक किनारा केला तेव्हा एसएसडी घेण्याएवढे पैसे नव्हते. ३२ जीबीची स्वस्त कार्डं आणि एक जुना लॅपटॉप होता. दर तीन दिवसांनी लॅपटॉपवर कॉपी झालेली कार्डं कागदात गुंडाळून स्पीड पोस्टाने घरी, आईकडे. पोस्ट ऑफिस नाही असं तालुक्याचं गाव नसतं. पहिलं पाकीट गेलं, आईचा फोन आला: "अगं, नुसता कोरा कागद पाठवलायस, मजकूर लिहायला विसरलीस की काय?" मी कागदाच्या घडीत चिकटपट्टीने कार्डं लावली होती, ती तिने पाहिलीच नाहीत. कागद चांगला जाड म्हणून तिने मागच्या बाजूला वाण्याची यादी करून ती दुकानात पाठवून दिली होती.

वाण्याकडून कार्डं परत आली. साबुदाण्याच्या पुडीबरोबर.

पुढच्या पाकिटावर लाल पेनाने लिहिलं, "आत वस्तू आहे, फेकू नये."

निवांत_पाटील

हसून हसून पुरेवाट! याला म्हणतात कोल्ड स्टोरेज.

शंकासूर

स्वस्त कार्डं म्हणालात म्हणून विचारतो. मी ऑनलाइन २५६ जीबीचं कार्ड फारच कमी किमतीत घेतलं. पहिल्या काही फाइली नीट, पुढच्या उघडतच नाहीत. ड्रोनने मात्र 'जागा शिल्लक' दाखवली.

लग्नफोटोवाला

नकली. आत ३२ जीबी असणार आणि वर २५६ म्हणून खोटं बोलणार. ३२ च्या पुढं जे लिहाल ते हवेत जातंय. नवीन कार्ड कुठूनही आणा, सहलीच्या आधी तपासा. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, मॅक आणि लिनक्सवर एफ३. अख्खं कार्ड भरून परत वाचून बघतात. रात्रभर लागू दे. आणि कार्डावर व्ही३० असा शिक्का हवा, म्हणजे सेकंदाला ३० एमबी लिहिण्याची हमी. आपल्याला १२-१३ च लागतात, पण कार्ड तापल्यावर दम लागतो त्याला.

अजून एक, सगळ्यांसाठी. रेकॉर्डिंग चालू असताना बॅटरी निघाली किंवा ड्रोन आपटला तर शेवटची फाइल उघडत नाही. घाबरून फॉरमॅट करू नका. तेच कार्ड त्याच ड्रोनमध्ये घालून चालू करा आणि थोडा वेळ शांत बसा, बऱ्याचदा तो स्वतःच फाइल पुरी करतो. नाही झालं तर अनट्रंक नावाचं साधन आहे. त्याला त्याच ड्रोनची एक चांगली फाइल नमुना म्हणून द्यायची, तिच्यावरून तो तुटकी जोडतो. एक वरमाला मी अशी वाचवलीया.

रहाटगाडगं

सगळ्यांचे आभार. फोटोरेक रात्रभर चालवलं. लग्नफोटोवाला म्हणाले तस्संच झालं: शेपूट मिळालं. मालगुंडच्या बाजूचा दीड मिनिटाचा किनारा, चार तुकडे न उघडणारे आणि माझ्या बुटांचा एक उत्कृष्ट ४के क्लोजअप, ड्रोन उतरवताना रेकॉर्डिंग बंद करायला विसरलो तेव्हाचा. वाडीचं काहीच नाही.

हब आणि १ टीबीची एसएसडी मागवली. कार्डं ६४ ची पाच, नेलपॉलिश बायकोचं. एक शंका राहिली: प्रत्येक व्हिडिओबरोबर एक चिमुकली एसआरटी फाइल असते ती पण कॉपी करायची का?

लग्नफोटोवाला

करा की. व्हिडिओच्या मानानं अगदीच छोटी असते. ती सबटायटलची फाइल आहे, ड्रोन त्या त्या सेकंदाला कुठं होता, किती उंचीवर होता, ते सगळं त्यात असतंय. नोटपॅडमध्ये उघडते.

कार्डवाली

रहाटगाडगं, एक विचारू? तुमच्या फोनमधल्या त्या खराब फाइली तुम्ही टीव्हीवर लावल्या तेव्हा आवाज होता का? ड्रोनला माइक नसतो, पण काही ॲपांत फोनच्या माइकने आवाज टिपायची सोय असते, तो कॅशच्या फाइलीला जोडला जातो. आणि हो, त्या फाइली आधी ॲपमधून बाहेर काढून घ्या. कॅशची मर्यादा भरली की ॲप सगळ्यात जुन्या फाइली न विचारता उडवतं.

रहाटगाडगं

टीव्हीवर लावताना आवाज बंद होता, कारण आम्ही वर गाणी लावली होती.

आत्ता हेडफोन लावून ऐकलं. आहे. वारा खूप आहे, मध्ये एक ट्रक जातो, पण बाबा स्पष्ट ऐकू येतात. "थांब, थांब, पुढे नको नेऊ. हा गडगा. याच्यावरून मी पडलेलो. आता डावीकडे घे... नाही, तुझी डावी. ती बघ विहीर. रहाट गेला वाटतं." मग बराच वेळ काही नाही, नुसता वारा. मग, "आईची तुळस तिथे होती. त्या दगडाशी. दिसतोय का तुला?" आणि मी म्हणतोय, "हो, दिसतोय." मला तेव्हा काहीही दिसत नव्हतं, मी बॅटरीचा आकडा बघत होतो.

आता चित्र थांबवून बघितलं. त्या हिरव्या चौकोनांत एक दगड आहे खरा.

फाइल ३८० एमबीची आहे, क्लाउडवर पाच मिनिटांत गेली. एक प्रत एसएसडी आली की तिच्यावर. आणि एक कार्डावर घालून स्पीड पोस्टाने ताईकडे बेळगावला पाठवतोय, पाकिटावर लाल पेनाने लिहून.

काजूगर

ताईला फोनही करा आधी.